बाटलीबाहेरची माशी

जयनगरच्या बाजारात अक्का केळी घ्यायला आल्या की केळीवालीशी त्यांचं हमखास वाजायचं. अक्कांना चांगली केळी कधीच नको असत. साल काळी पडलेली, देठापाशी फुटलेली, बोट लावलं की आत जाणारी येलक्की केळी त्या मागत, आणि केळीवाली रोजच्या ओळखीला जागून पाटीतून छान पिवळी फणी काढून पुढे करायची. अक्का कानडीत तिच्यावर खेकसत, ती हसत हसत टाकायला ठेवलेली केळी पिशवीत भरून द्यायची. या बाईंकडे गाय आहे अशी तिची पक्की समजूत होती. मी बरोबर असायची, म्हणून मी गायवाल्या अक्कांची सून. आम्ही दोघींनी ही समजूत कधी दुरुस्त केली नाही, कारण खरं काय ते सांगितलं असतं तर तिने आम्हाला वेड्यात काढलं असतं.

गाय नव्हती, माश्या होत्या. पिकल्या फळावर घोंघावतात त्या, तिळाएवढ्या, लाल डोळ्यांच्या. बंगलोरच्या एका संशोधन संस्थेत अक्का त्या माश्यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करत, आणि मी नागपूरहून त्यांच्या हाताखाली पीएचडी करायला आले होते. नव्वदीच्या दशकाचा मधला काळ होता. संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांच्या सुती साड्यांना गूळ, यीस्ट आणि आंबलेली केळी यांचा असा काही वास असे की बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा सहसा रिकामी राहायची. बंगलोरची माणसं वयस्क बाईला ऐसपैस बसू देतात, असं त्या कौतुकाने सांगत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला काय करायला लावलं, तर माश्यांचं खाणं चाखायला. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि चायना ग्रास एका मोठ्या पातेल्यात रटरटत होतं. अक्कांनी चमच्यावर फुंकर मारून तो माझ्या हातात दिला. "चव बघ. मग बुरशीचं औषध घालतो, नंतर तोंडात घालता येत नाही." मी घाबरत चाखलं. वेलदोडे नसलेला पातळ शिरा म्हणून खपलं असतं. "गूळ स्वल्प कमी पडला की," त्या म्हणाल्या आणि आणखी एक खडा टाकला. आपण जे खाऊ शकत नाही ते दुसऱ्याला घालू नये, एवढाच त्यांचा यामागचा विचार होता. माझी पदवी इथे कशी व्हायची, हा विचार मात्र माझ्या मनात त्याच संध्याकाळी येऊन गेला.

त्यांचं मराठी ऐकून मी सुरुवातीला बावरायचे. घराणं काही पिढ्यांमागे इकडे येऊन कापडाच्या धंद्यात स्थिरावलेलं. घरात मराठी टिकलं होतं, पण ते त्यांचं स्वतःचं मराठी होतं. बायकासुद्धा 'मी येतो', 'मी केलो' म्हणायच्या आणि मधूनमधून 'बरं'ला सरी, 'थोडं'ला स्वल्प, 'नको'ला बेड असे कानडी शब्द यायचे. नागपूरच्या मुलीने कुणाच्या बोलण्याला हसावं असं काही नव्हतं, तरी मी हसले. अक्कांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या गावात सगळे पुस्तकासारखं बोलतात?"

आता त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय अक्का कळायच्या नाहीत. प्राण्याच्या पेशीत डीएनएचा जो लांबलचक धागा असतो, त्यात काही तुकडे असे असतात की ते एका जागी स्वस्थ राहत नाहीत. जागेवरून सुटतात आणि दुसरीकडे जाऊन घुसतात, किंवा स्वतःची नक्कल काढून ती भलतीकडे बसवतात. चांगल्या चाललेल्या जनुकाच्या मध्येच जाऊन बसले तर ते जनुक बंद पडतं. माशीत असे तुकडे पुष्कळ आहेत, आणि माणसात तर त्यांनी आणि त्यांच्या अवशेषांनी केवढी तरी जागा अडवलेली आहे. शरीराला त्यांचा काही उपयोग दिसत नव्हता, म्हणून तेव्हा बरेच लोक त्यांना सरळ कचरा म्हणून मोकळे होत.

अक्कांच्या खोलीत हा शब्द उच्चारणाऱ्याला माश्यांच्या बाटल्या धुवाव्या लागत. मेलेल्या अळ्या आणि बुरसटलेलं खाणं चिकटलेल्या त्या बाटल्या धुणं ही खरोखरची शिक्षा होती. एकदा खुद्द संचालक पाहुण्यांना घेऊन आले आणि समजावताना तो शब्द बोलून बसले. अक्कांनी बाटल्यांचा ब्रश त्यांच्यापुढे धरला. संचालक हसले, पाहुणे हसले, अक्का हसल्या नाहीत. शेवटी संचालकांनी कोटाच्या बाह्या सारून एक बाटली धुतली. अक्कांनी ती उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा धुवायला लावली.

"आमच्या घरी एक रामूमामा आला होता," बाटल्या धुताना त्या सांगत. "नातं कुणाचं, कुणालाच माहीत नाही. रात्रीपुरता आला आणि राहिला. ओसरी अडवली, आजोबांच्या जागेवर बसायला लागला, भांडणं लावला. आजी रोज म्हणायची, घालवा त्याला. मग हळूहळू दुकानाची चावी त्याच्याकडे गेली, आम्हा पोरांना शाळेत तोच सोडायला लागला. तो मेला तेव्हा दुकान आठ दिवस उघडता आलं नाही. आता सांग, तो घरचा का बाहेरचा?" मी म्हणायची, असे सगळेच मामा कामाला येत नाहीत. "नाहीत की. बहुतेक नुसते झोपतात," त्या मान्य करत. पण लगेच त्यांची गाडी माशीच्या गुणसूत्रांच्या टोकांवर यायची. ही टोकं पिढ्यान्‌पिढ्या झिजत जातात, आणि माशीमध्ये ती झीज भरून काढतात ते हेच भटके तुकडे, टोकावर येऊन बसणारे. हे नुकतंच उजेडात आलं होतं. त्याबद्दल बोलताना अक्कांच्या चेहऱ्यावर एखादा नातेवाईक परीक्षेत पहिला आल्याचा आनंद असे.

रानातल्या माश्या धरायला आम्ही बसने जायचो. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी तेव्हा शेतं होती, मारतहळ्ळीकडे पेरूच्या बागा होत्या. झाडाखाली केळी ठेवून अक्का फतकल मारून बसत. एकदा एका बागवाल्याने बराच वेळ आमच्याकडे पाहून विचारलं, "अम्मा, तुमच्या घरात माश्या नाहीत काय?" अक्कांनी त्याला बसवून घेतलं आणि तासभर सगळं समजावलं. जाताना त्याने आम्हाला पिशवीभर पेरू दिले, पैसे घेतले नाहीत. आम्ही बऱ्या व्हावं म्हणून दिले असणार.

पण अक्कांचा जीव होता तो 'जुन्यां'वर. त्यांच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्याकडे त्या स्वतः शिकल्या त्यांनी, तरुणपणी बंगलोरच्याच एका बागेत काही माश्या धरल्या होत्या. त्यांचा वंश तेव्हापासून बाटल्यांतच वाढत होता. दर दोन-तीन आठवड्यांनी नवं खाणं, नवी बाटली, नवी पिढी. निवृत्त होताना सरांनी तो अक्कांच्या हवाली केला. त्याचं महत्त्व असं की सरांनी माश्या धरल्यानंतरच्या काळात यांच्या जातीत बाहेरून, दुसऱ्याच जातीच्या माशीकडून, एक नवा भटका तुकडा शिरला आणि बघता बघता जगभरच्या रानमाश्यांत पसरला. फक्त त्याआधीपासून बाटलीत असलेल्या माश्या त्यातून सुटल्या. आमच्या भागातल्या अशा माश्या दुसऱ्या कुणाकडे असल्याचं अक्कांना ठाऊक नव्हतं. डिसेंबरच्या गारठ्यात त्या जुन्यांची एक बाटली शालीत गुंडाळून घरी नेत. भावाच्या मुलीच्या लग्नात ही बाटली त्यांच्या पदराखाली होती, आणि अक्षता टाकताना त्यांनी एकच हात वापरला.

माझा प्रबंध या जुन्यांवर उभा होता. रानातला नर आणि जुनी मादी यांची जोडी लावली की तो तुकडा पोरांच्या पेशींत सैरावैरा उड्या मारतो. हवा गरम असेल तर मुली वांझ निघतात. उलट जोडी लावली, म्हणजे आई रानातली आणि बाप जुना, तर काहीही बिघडत नाही. आई अंड्यातून काहीतरी संरक्षण देते. ते नेमकं काय, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मी तेच शोधत होते. जुन्या शुद्ध आहेत, हे गृहीत धरूनच माझा प्रत्येक आकडा लिहिलेला होता.

म्हणून आमच्याकडे एक नियम होता. माश्यांवर काम करणाऱ्या कुठल्याही ठिकाणी तो असतोच, पण अक्कांकडे तो देवाच्या सोवळ्यासारखा पाळला जायचा. बाटलीबाहेर गेली ती माशी आपली नाही. ती कितीही मोलाची असो, डोळ्यांदेखत उडालेली असो, परत घालायची नाही, मारायची. माझ्या महिन्याभराच्या कामाची एकुलती माशी टेबलावर बसली होती, ती अक्कांनी तळहाताने चिरडली होती. मी रडकुंडीला आले. "सरांनी मला दिलेला नियम आहे," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

एप्रिल आला, वीज जायला लागली. माश्यांची थंड ठेवलेली कपाटं तासन्‌तास बंद पडायची आणि खोली तापायची. त्या उन्हाळ्यात जुन्यांच्या बाटल्यांत अळ्या दिसेनात. मी जुन्या माद्या सूक्ष्मदर्शकाखाली उघडून पाहिल्या, तर बीजकोश सुकलेले. जुन्या नर-मादीच्या पोटी वांझ मुली, हे होणंच शक्य नव्हतं. माझीच काहीतरी गल्लत झाली असणार असं धरून मी आठवडाभर सगळं पुन्हा तपासलं. शेवटी एका दुपारी अक्का माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"तू काही केली नाहीस," त्या म्हणाल्या. "मी केलो."

डिसेंबरात जुन्यांना माइट लागले होते, हे मला माहीत होतं. बारीक कोळ्यांसारखा तो किडा बाटल्याच्या बाटल्या संपवतो. मी तेव्हा सुट्टीवर नागपूरला होते. जुन्यांची एकच बाटली उरली, आणि ती बदलताना अक्कांच्या हातून कापसाचं बूच निसटलं. माश्या उडाल्या त्या उजेडाकडे, खिडकीच्या काचेवर. नियमाप्रमाणे त्या मारायच्या होत्या. तसं केलं असतं तर सरांचा वंश तिथेच संपला असता. अक्कांनी तोंडाने ओढायची काचेची नळी घेतली आणि काचेवरची एकेक माशी धरून बाटलीत परत घातली. त्याच खिडकीत त्यांची काळी केळी ठेवलेली होती.

"सगळ्या सारख्याच दिसतात," अक्का म्हणाल्या. "आपल्याच वाटल्या. त्यात एखादा रानातला नर असणार. गारठ्यात काही कळलं नाही, आता उन्हात कळालं." त्यांनी टेबलावरची जुन्यांची बाटली जवळ ओढली. "सरांना काय सांगू?"

हा प्रश्न त्यांनी पुढे कितीदा तरी विचारला, आणि दर वेळी मी समोर असूनही मला नव्हे. सर तेव्हा नव्वदीच्या जवळ आले होते, मल्लेश्वरमला मुलाकडे राहत. दर गुरुवारी अक्का त्यांना भेटायला जात. त्या एप्रिलपासून त्यांनी जाणं बंद केलं.

तशात अक्कांच्या निवृत्तीनंतर माश्यांची खोली चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला एक समिती यायची होती. संचालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं, मीही होते. "विजेचं सांगा," ते म्हणाले. "उन्हाळा, वीज गेली, जुन्या माश्या मेल्या. खोटंही नाही. सगळं बंगलोर साक्षीला आहे."

"मेल्या नाहीत," अक्का म्हणाल्या. "मी बिघडवल्या आहेत. वीज गेली म्हणून फक्त समजलं."

समितीपुढे त्यांनी पहिल्याच वाक्यात ते सांगितलं. खिडकी, नळी, केळी, सगळं. समितीतली माणसं सभ्य होती. त्यांनी चहा घेतला, प्रश्न विचारले आणि खोली बंद करायची शिफारस केली. मला अक्कांचा भयंकर राग आला. त्यांना काय, निवृत्त व्हायचं होतं. माझी तीन वर्षं पाण्यात गेली होती आणि घरी बाबा दर फोनला 'कधी संपतंय' विचारत होते. मला त्या घडीला त्यांचा खरेपणा नको होता, पदवी हवी होती. मी तसं त्यांना सांगितलंही. अक्का ऐकून घेऊन म्हणाल्या, "सरी. राग कर. पण उद्या ये, काम आहे."

काम होतं बांधाबांधीचं. निवृत्तीच्या दिवशी अक्का बिघडलेल्या जुन्यांच्या बाटल्या रिक्षात घालून जयनगरच्या घरी घेऊन गेल्या. गच्चीवरच्या खोलीत फळीवर मांडल्या. तिथे थंड कपाट नव्हतं. मला वाटलं, बाईंना सोडवत नाही, एवढंच. पण त्यांच्या डोक्यात वेगळं होतं. हा तुकडा एखाद्या वंशात नवा शिरतो तेव्हा पुढे काय होतं, हे रानात पाहायला मिळत नाही. कळतं तेव्हा तो शिरून जमाना झालेला असतो. इथे तो कधी आणि कसा आत आला ते ठाऊक होतं. शिवाय, बिघडण्याआधीच्या जुन्यांचा डीएनए माझ्याच हाताने काढून संस्थेच्या फ्रीझरमध्ये ठेवलेला होता. "तुझा प्रबंध आता हा," त्या म्हणाल्या. "सोवळ्यातलं काही राहिलं नाही. आता यातून जगतात कशा, ते बघायचं."

आम्ही ते बघत राहिलो. दर काही पिढ्यांनी मी माश्या संस्थेत नेऊन तुकड्याच्या किती नकला झाल्या ते पाहायची. त्या वाढतच होत्या. हिवाळ्यात बाटल्या भरलेल्या असत. पण आम्हा दोघींना धास्ती होती ती पुढच्या उन्हाळ्याची. मार्चच्या शेवटी गच्ची तापायला लागली आणि एकामागून एक बाटल्या मुक्या झाल्या. खाण्यावर अळ्यांच्या वाटा उमटेनात, ते तसंच गुळगुळीत राहायचं. अक्का ओला टॉवेल बाटल्यांवर टाकायला जात आणि हात मागे घेत. गारव्यात जगल्या तर काहीच कळणार नव्हतं. फळीवर रिकाम्या बाटल्या वाढत गेल्या. अक्का जिन्याने वर येताना मध्येच थांबायला लागल्या, आणि ते गुडघ्यांमुळे नव्हतं.

एका सकाळी मी गेले तेव्हा त्या फळीसमोर उभ्या होत्या. दोन बाटल्यांत काचेवर अळ्या चढलेल्या होत्या, जाड, पांढऱ्या, धडधाकट. एप्रिलच्या उन्हात. तुकडा गेला नव्हता. पुढे तपासलं तेव्हा या माश्यांत तो जागोजाग बसलेला निघाला. पण त्याच्या उड्या थंडावल्या होत्या. आया आता लेकींना ते संरक्षण देत होत्या, जे रानातल्या आया देतात. या आता सरांच्या जुन्या नव्हत्या, रानातल्याही नव्हत्या. अक्कांनी एक बाटली पदराने पुसली. "चल," त्या म्हणाल्या, "मल्लेश्वरमला जाऊ."

रिक्षात अक्कांनी बाटली मांडीवर घेतली. मला वाटलं होतं, चांगली बातमी आहे, आनंदाने सांगतील. त्यांचे हात मात्र बाटलीभोवती इतके घट्ट होते की मला काचेची काळजी वाटली.

सर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. खूप बारीक झाले होते. अक्का त्यांच्याजवळ वेताच्या बुटक्या मोड्यावर बसल्या आणि खालच्या आवाजात कानडीत सुरुवात केली. सरांनी कानामागे हात धरला. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. अक्का थोड्या मोठ्याने बोलल्या. सरांनी मान हलवली, नाही कळलं. तेव्हा वर्षभर जे बोलायला त्या आल्या नव्हत्या, ते त्यांना ओरडून सांगावं लागलं. "सर, तुमच्या माश्या मी बिघडवल्या. बाटलीबाहेर गेलेल्या परत घातल्या. त्यात बाहेरचा नर आला." स्वयंपाकघरातून सरांची सून पदराला हात पुसत दारात आली. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकला.

सरांना या वेळी ऐकू गेलं. मग त्यांनी हात पुढे केला. अक्कांनी बाटली दिली. त्यांनी ती उजेडाकडे वळवली. त्यांना अळ्या दिसल्या असतील असं मला वाटत नाही.

"जगतात?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी मान डोलावली.

"उन्हात?"

अक्कांनी पुन्हा मान डोलावली.

सरांनी बाटली मांडीवर ठेवली. माश्यांबद्दल त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. "म्हणजे तू वर्षभर आली नाहीस, ती यासाठी?" ते म्हणाले. "दर गुरुवारी मी इथे बसलो. सुनेला विचारायचो, ती बरी आहे ना, की गेली आणि मला कुणी सांगत नाही."

समितीपुढे ताठ उभं राहून बोललेल्या त्या बाई मोड्यावर वाकल्या आणि तोंडाला पदर लावून मोठ्याने रडायला लागल्या. मी आणि सरांची सून नुसत्या उभ्या होतो. सरांना ते रडणं ऐकू येत नव्हतं. उत्तर आलं नाही असं वाटून ते थोडे पुढे झुकले, आणि वर्षभर का आली नाहीस म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिले.